चावी एक, कपाटं अनेक

आठवीतल्या भाचीच्या इंग्रजीच्या वहीत परवा लाल पेनाचे दोन गोल दिसले. पहिला 'द क्वालिटी ऑफ द मँगोज आर गुड' या वाक्यातल्या 'आर'भोवती. दुसरा 'द ट्री लॉस्ट इट्स लीव्ह्ज' यातल्या 'इट्स'भोवती, कारण तिथे टी आणि एसच्या मध्ये तिने अपॉस्ट्रॉफी दिली होती. दोन्हींसमोर शेरा एकच : 'निष्काळजीपणा'. मला तो पटला नाही. या दोन चुकांची कारणं अगदी वेगवेगळी आहेत.

आधी 'आर'. कर्ता 'क्वालिटी', तो एकवचनी, म्हणून 'इज' हवं. हा नियम भाचीला पाठ आहे. मग 'आर' आलं कुठून? १९९१ साली कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याचा छडा लावणारे प्रयोग प्रसिद्ध केले. इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांना वाक्याची नुसती सुरुवात ऐकवायची, उदाहरणार्थ 'द की टू द कॅबिनेट्स', आणि ती म्हणून दाखवून पुढचं वाक्य त्यांनीच पुरं करायचं. चावी एक असूनही कित्येकदा तोंडून 'वॉज'ऐवजी अनेकवचनी 'वेअर' निघून गेलं. म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारेही इथे घसरतात.

खरी गंमत पुढे आहे. सुरुवात उलटी केली, 'द कीज टू द कॅबिनेट', तर चूक जवळजवळ होत नाही. केवळ जवळच्या नामाची भूल पडत असती, तर दोन्हीकडे सारखीच पडायला हवी होती. यावरचं स्पष्टीकरण मला फार आवडतं. एकवचन ही नामाची मूळ, बिनखुणेची अवस्था. अनेकवचनावर मात्र खूण असते. वाक्य जुळवताना ही खूण आपल्या जागेवरून झिरपते आणि क्रियापदापर्यंत पोचते. एकवचनाकडे झिरपायला खूणच नाही.

ही खूण म्हणजे कानावर पडणारा 'स' तर नव्हे? बॉक आणि कॅथलीन एबरहार्ड यांनी १९९३ मध्ये तेही तपासलं. 'कोर्ट्स' आणि 'कोर्स' शेवटी सारखेच वाजतात, पण 'कोर्स' एकवचनी आहे. चुका 'कोर्ट्स'नंतर झाल्या, 'कोर्स'नंतर नाहीत. झिरपतं ते व्याकरण, आवाज नव्हे.

मराठीत 'कपाटांची चावी हरवल्या' असं कुणी म्हणत नाही. 'कपाटां' हे सामान्यरूप आहे, ते कर्ता म्हणून उभंच राहू शकत नाही. शिवाय 'ची' हा प्रत्यय चावीचं लिंग-वचन आधीच सांगून ठेवतो. इंग्रजीत 'कॅबिनेट्स' कर्ता असो वा नसो, दिसतं तसंच. जर्मनवरच्या प्रयोगांतही विभक्तीचं रूप स्पष्ट असलं की अशा चुका कमी झालेल्या आढळल्या. याचा अर्थ मराठी जास्त शास्त्रीय भाषा आहे, असा कृपया काढू नका. अमुक भाषा सर्वांत शास्त्रशुद्ध असल्याचं नासाने सांगितलं, छापाचे निरोप फिरत असतात, त्यांना काहीही आधार नाही. 'मी चार आंबे आणि एक पोळी खाल्ली' म्हणताना आपण स्वतःच शेवटच्या नामाशी क्रियापद जुळवतो, आणि ते आपल्या व्याकरणाला चालतं.

आता 'इट्स'. इथे दोष कानाचा आहे. 'इट इज'चं आखूड रूप आणि 'त्याचं' अशा अर्थाचं 'इट्स' यांच्या उच्चारात तसूभर फरक नाही. 'बॉइज'चंही तेच : अनेक मुलगे, एका मुलाचं, अनेक मुलांचं, तिन्ही एकसारखे वाजतात. हात लिहितो ते कानाने ऐकलेलं. जुन्या इंग्रजीत 'राजाचं' याला 'क्युनिंगेस' म्हणत. त्यातल्या 'एस' प्रत्ययाचा स्वर गळाला आणि पुढे त्या गळलेल्या अक्षराच्या जागी अपॉस्ट्रॉफी बसली. 'हिज', 'हर' या सर्वनामांप्रमाणे 'इट्स'लाही ती नको, हे मात्र ठरायला वेळ लागला. सतराव्या-अठराव्या शतकांतले चांगले लेखकही मालकीच्या 'इट्स'मध्ये ती देत.

नुसत्या डोळ्यांसाठी असलेली खूण आपल्यालाही परकी नाही. माझ्या आजोबांच्या पत्रांत 'नांव', 'पांच', 'कांटा' असं लिहिलेलं आहे. त्या टिंबांचा उच्चार तेही करत नसत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले. इंग्रजीत असे नियम करणारी साहित्य महामंडळासारखी संस्था नाही, त्यामुळे अपॉस्ट्रॉफीची ती शेपटी तशीच राहिली.

भाचीला मी एवढंच सांगितलं, की शेपटी दिसली तिथे आखूड रूप सोडवून लिही. तिने लिहिलं, 'द ट्री लॉस्ट इट इज लीव्ह्ज'. वाचलं, थांबली आणि खोडरबर शोधू लागली.