इथंबी अनुभवच सांगायलेत!

माझा भाचा वयाच्या 22 वर्षांपर्यंत एका कडक पंथात वाढला. परभणीजवळचं खेडं. घरात टीव्ही नाही, बाहेरचं खाणं नाही, पंथाबाहेरच्या लग्नाला जाणं नाही. दर रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून ‘अनुभव’ सांगायचा: महाराजांच्या कृपेनं म्हैस उठून बसली, पेपर सोपा गेला. पोरगं त्यातून बाहेर पडलं तेव्हा बापानं वर्षभर बोलणं टाकलं. मग ते छत्रपती संभाजीनगरात, दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत लागलं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, “मामा, इथंबी अनुभवच सांगायलेत की लोकं!”

सकाळी 8 वाजता गोल करून उभं राहायचं. टाळ्या, घोषणा, मग एकेकानं ‘सक्सेस स्टोरी’ सांगायची, आदल्या दिवशी एकही यंत्र खपलं नसलं तरी. पहिले 2 महिने ट्रेनिंग, म्हणजे पगार नाही. खोली आणि दोन वेळचं जेवण. सोडून गेलेल्याचं नाव काढायचं नाही, तो ‘निगेटिव्ह’.

एका प्राध्यापक मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, “शिकलेली पोरं अशी कशी फसतात? ब्रेनवॉश करत असतील.” हा शब्द 1950 मध्ये एडवर्ड हंटर या अमेरिकी पत्रकारानं चलनात आणला, आणि तेव्हापासून आपल्याला वाटतं की कुणीतरी बाहेरून येऊन मेंदू धुतो. मला तर यातलं बरंचसं धुणं माणूस आपल्याच हातानं धुताना दिसतं. कसं, ते सांगणारा एक प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगतो, पोरं कंटाळली तरी.

1959. स्टॅनफर्ड विद्यापीठ. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तासभर भयंकर रटाळ काम दिलं. अर्धा तास एका हातानं 12 रिळं ताटलीत भरायची, काढायची, पुन्हा भरायची. पुढचा अर्धा तास 48 चौकोनी खुंट्या एकेक करून पाव वळसा फिरवायच्या. संपल्यावर काहींना विनंती केली: बाहेर एक मुलगी थांबलीय, तिला सांग की प्रयोग मजेशीर आहे. या खोटं बोलण्याचा मोबदला काहींना 1 डॉलर, काहींना 20. शेवटी सगळ्यांना विचारलं, खरं सांगा, काम कसं वाटलं? उणे 5 ते अधिक 5 अशी मोजपट्टी होती. ज्यांना खोटं बोलायला लावलंच नव्हतं त्यांची सरासरी आली उणे 0.45. 20 डॉलरवाल्यांची उणे 0.05. आणि 1 डॉलरवाल्यांची अधिक 1.35!

ज्याला कमी मिळालं त्याला काम जास्त आवडलं. 20 डॉलरवाल्याकडे खोटं बोलायला कारण होतं, पैसा. 1 डॉलरवाल्याकडे ते नव्हतं. आपण फुकापासरी खोटं बोललो, हे मनाला टोचतं. बोललेलं परत घेता येत नाही, म्हणून मत बदलतं: तसं वाईट नव्हतं हो काम. आता ते 2 महिने बिनपगारी ट्रेनिंग आठवा. ते पैसे वाचवायला असेल, पण निष्ठा त्यातून फुकट मिळते.

डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञानं 1967 मध्ये शंका काढली की हे टोचणं वगैरे काही नसतं. आपण स्वतःकडे शेजाऱ्यासारखं बघतो आणि ‘मी असं बोललो म्हणजे मला तसंच वाटत असणार’ असा हिशेब करतो. त्यावर 1974 मध्ये झॅना आणि कूपर यांनी सुंदर डाव टाकला. विद्यार्थ्यांना औषध नसलेली गोळी दिली, काहींना सांगितलं की हिनं बेचैन वाटेल, आणि मग स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायला लावला. बेचैनीचं खापर गोळीवर फुटलं आणि त्यांचं मत जागचं हललं नाही. म्हणजे टोचणं खरंच असतं, आणि त्याला दुसरं कारण सापडलं की मत वाचतं. 2024 मध्ये मात्र 39 प्रयोगशाळांनी मिळून असाच निबंधाचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा ‘लिहायचं की नाही तुम्ही ठरवा’ अशी मोकळीक दिल्या-न दिल्यानं फरक पडला नाही. आपण स्वतःहून केलेलंच जास्त टोचतं आणि मत बदलवतं, असं मानणाऱ्या जुन्या सिद्धान्ताला तो धक्का होता. पण स्वतःच्या मताविरुद्ध लिहिणाऱ्यांची मतं सरकली होती. माझ्या भाच्याच्या कामाचं एवढंच: तोंडून किंवा हातून निघालेलं मनात झिरपतं.

त्यानं शेकडो रविवार हे केलेलं. आपल्यालाच न पटलेलं एखादं वाक्य अनुभवात घुसडायचं आणि संध्याकाळपर्यंत ते खरं वाटायला लागायचं, ती घडी त्याला ओळखीची. तरी ओळखायला 2 आठवडे लागलेच. घर तुटलेलं, आणि इथं रोज कुणीतरी ‘भाई’ म्हणून मिठी मारणारं.

जाता जाता: त्यांचा ट्रेनर सांगायचा, माणूस मेंदू फक्त 10 टक्केच वापरतो, उरलेला आम्ही जागा करतो. महाराजही हेच सांगत, फक्त नामानं. साफ खोटं. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू शरीराची साधारण 20 टक्के ऊर्जा खातो. 90 टक्के झोपलेला अवयव एवढं खाईल कशाला?

शिस्त कडक म्हणून प्रत्येक ऑफिस पंथ होत नाही. वाळूजच्या कारखान्यात भोंगा कडक, हजेरी कडक, पण गेटाबाहेर पडल्यावर तुमचं मन काय म्हणतंय हे कुणी विचारत नाही. इथं विचारतात, आणि ठरलेलं उत्तर चारचौघांत मोठ्यानं म्हणायला लावतात. आणि सोडून गेलेला? कारखान्यात त्याची आठवण चहाच्या टपरीवर निघते.

भाच्याची दहावीची मूळ गुणपत्रिका त्यांनी ठेवून घेतली होती. ती आणायला मी सोबत गेलो. मॅनेजर अदबीनं वागला, चहा मागवला, कागद हातात दिला. आम्ही उठलो तशी बाहेर टाळ्या सुरू झाल्या, संध्याकाळची हजेरी. तो म्हणाला, “सर, तुम्ही शिक्षक. आलाच आहात तर पोरांना दोन मिनिटं तुमचा अनुभव सांगता का?”