चांगला खेळाडू, वाईट कोच?

छत्रपती संभाजीनगरला पोरांना तलवारबाजीला घालताना पालक हमखास विचारतात, "सर स्वतः चॅम्पियन होते ना? मग शिकवणं जमंल का त्यांना?" चांगला खेळाडू चांगला कोच होत नाही, हा समज मराठवाड्यात मुरलेला आहे.

पण इटलीचा तलवारबाज स्टेफानो चेरिओनी बघा. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याने फॉइलचं, म्हणजे तलवारबाजीतल्या हलक्या तलवारीच्या प्रकाराचं, वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. पुढे तो इटलीच्या फॉइल संघाचा प्रशिक्षक झाला आणि २०१२ ला लंडनमध्ये महिलांच्या वैयक्तिक फॉइलची तिन्ही पदकं इटलीकडे गेली. मग तो रशियाला कोच म्हणून गेला. रिओत, २०१६ ला, रशियाच्या पुरुषांनी फॉइलचं सांघिक सुवर्ण घेतलं.

समजाला थोडा आधार आहे, नाही असं नाही. चॅम्पियनचं मनगट विचार न करता वळतं, पण नवख्याला तीच हालचाल तुकडे करून दाखवावी लागते. वैयक्तिक धड्यात कोच जाड जाकीट घालून स्वतः निशाण बनतो, अंतर मोजून देतो, मुद्दाम फट ठेवतो आणि पोराला घाव घालू देतो. जिंकायची सवय लागलेल्याला हे जड जातं. पण ते शिकता येतं. चेरिओनीही इटलीतल्या येझी गावात एत्सिओ त्रिकोली या गुरूच्या हाताखालीच घडला होता.

तेव्हा सरांची पदकं मोजण्यापेक्षा एक दिवस हॉलमध्ये बसून त्यांचा धडा बघा.