डरहॅमला एक्स्चेंजसाठी जाताना: नॉमिनेशन, व्हिसा आणि कागदपत्रं

इंग्लंडच्या ईशान्येला वेअर नदीच्या वळणावर डरहॅम नावाचं छोटं शहर आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून रेल्वेने तीन तासांच्या आसपास लागतात. कॅथीड्रल आणि किल्ला १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि १८३२ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचं एक कॉलेज तर त्या किल्ल्यातच भरतं. भारतात पदवी शिकता शिकता एक वर्ष किंवा एक टर्म अशा ठिकाणी काढायला मिळणं, म्हणजेच एक्स्चेंज, ही मोठी संधी आहे. आणि ती हुकते ती बहुतेक वेळा गुणांमुळे नव्हे, कागदांचा क्रम चुकल्यामुळे. इथे मी डरहॅम समोर ठेवून लिहितो आहे. व्हिसाचे नियम मात्र लँकेस्टर, एक्सेटर, नॉरिच, कुठेही गेलात तरी हेच.

पहिली गोष्ट, एक्स्चेंजसाठी तिकडच्या विद्यापीठाकडे थेट अर्ज करता येत नाही. तुमच्या विद्यापीठाचा किंवा संस्थेचा त्या विद्यापीठाशी करार असावा लागतो आणि तुमचं नाव इथल्या आंतरराष्ट्रीय विभागाने पाठवावं लागतं. यालाच नॉमिनेशन म्हणतात. ते झालं की मग तिकडचा ऑनलाइन अर्ज, गुणपत्रिका, विषयांची निवड हे सगळं सुरू होतं. करारानुसार शिक्षण शुल्क इथेच भरायचं असतं, तिकडे नाही. करार नसेल तर ‘स्टडी अब्रॉड’ म्हणून जाता येतं, पण मग तिकडची फी पूर्ण भरावी लागते. दोन्हींची माहितीपत्रकं सारखीच दिसतात, म्हणून आपण नेमके कशात बसतो हे आधी विचारून घ्या.

पात्रतेच्या अटी प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. साधारणपणे पदवीचं किमान एक वर्ष पूर्ण झालेलं हवं, गुण चांगले हवेत आणि एटीकेटी राहिलेली नको. इंग्रजीसाठी आयईएलटीएस लागेल की दुसरा पुरावा चालेल हे तिकडचं विद्यापीठ सांगतं, कारण पदवी पातळीच्या अभ्यासक्रमासाठी इंग्रजीची पारख करण्याची मुभा ब्रिटिश नियमांनी विद्यापीठांना दिली आहे. ‘माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं’ एवढं आपण गृहीत धरून चालत नाही, विद्यापीठाने ते मान्य करावं लागतं.

आता क्रेडिटचा प्रश्न. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. ब्रिटनमध्ये पूर्ण वर्षाचे १२० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे सुमारे दहा तासांचा एकूण अभ्यास. आपल्याकडे वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट असतात. म्हणजे ढोबळ हिशोब एकास तीनचा. पण हा हिशोब तुमच्या विभागप्रमुखांच्या सहीने कागदावर यायला हवा, जायच्या आधी. कोणत्या तिकडच्या विषयाच्या बदल्यात इथला कोणता विषय माफ होणार, हे त्या कागदावर नावानिशी लिहिलेलं असू द्या. डरहॅममध्ये वर्षाचे तीन भाग पडतात: ऑक्टोबर ते डिसेंबर मायकलमस, जानेवारी ते मार्च एपिफनी आणि त्यानंतर ईस्टर टर्म. बरेच विषय वर्षभर चालतात आणि परीक्षा ईस्टर टर्ममध्ये होतात. एकाच टर्मसाठी जाणाऱ्याने त्या विषयाचं मूल्यमापन डिसेंबरपर्यंत संपतं का, हे विचारल्याशिवाय विषय ठरवू नये.

व्हिसा कोणता, हे मुक्कामाच्या लांबीवर ठरतं आणि सीमारेषा सहा महिन्यांची आहे. एका टर्मसाठी, सहा महिन्यांच्या आत परत येणार असाल तर ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत शिकता येतं. त्याची फी बरीच कमी आहे आणि आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कम) लागत नाही. पण त्यावर कोणतंही काम करता येत नाही, बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा नाही. सरकारी आरोग्यसेवेतले बहुतेक उपचारही मोफत मिळत नाहीत, म्हणून चांगला प्रवास विमा घ्याच. आणि हे नीट लक्षात ठेवा: तिथे गेल्यावर ‘आवडलं, पूर्ण वर्ष थांबतो’ असं ठरवून व्हिजिटरचा स्टुडंट व्हिसा तिथल्या तिथे करून मिळत नाही. परत यावं लागतं. एका टर्मची दोन टर्म होण्याची थोडीही शक्यता असेल तर तो निर्णय मुंबई-पुण्यात बसूनच घ्या.

पूर्ण वर्षासाठी ‘स्टुडंट’ व्हिसा. त्यासाठी विद्यापीठाकडून ‘कॅस’ नावाचा क्रमांक मिळतो. हे छापील पत्र नसून त्यांच्या प्रणालीतली नोंद असते. तिच्यात अभ्यासक्रमाच्या तारखा, फीची रक्कम आणि तुमची पात्रता कशावरून तपासली ते लिहिलेलं असतं. एक्स्चेंजवाल्यांनी तिच्यात शिक्षण शुल्क शून्य दाखवलंय ना, हे पहिल्यांदा बघावं. नाहीतर तेवढी रक्कमही बँकेत दाखवावी लागेल. पासपोर्टवरचं नाव आणि कॅसवरचं नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, आईचं नाव कधी माहेरचं कधी सासरचं, असा गोंधळ घरोघरी असतो. फरक असेल तर कॅस निघण्याआधीच विद्यापीठाला कळवा.

पैशांचा पुरावा हा अर्जातला सर्वांत कडक भाग. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर शिकणाऱ्याने महिन्याला १,१७१ पौंड दाखवायचे, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे वर्षभरासाठी १०,५३९ पौंड. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, एक दिवसही कमी पडता कामा नये, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागे ३१ दिवसांच्या आत यायला हवा. रुपयांचं पौंडांत रूपांतर ब्रिटिश गृहखातं ओआंडा या संकेतस्थळाच्या दराने करतं. दर खालीवर होतो, म्हणून वर थोडी रक्कम जास्त ठेवलेली बरी.

खातं तुमचं किंवा आईवडिलांचं. आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि ‘हे पैसे आम्ही मुलीच्या किंवा मुलाच्या शिक्षणासाठी देतो’ असं सहीचं संमतीपत्र जोडायचं. मामा, काका, आजोबा यांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत. ते कितीही प्रेमाने देत असले तरी आधी तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात यायला हवेत, आणि मग तिथून २८ दिवस मोजायचे. पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी, शेअर, सोनं, शेतजमिनीचं मूल्यांकन हे इथे उपयोगाचं नाही. कधीही मोडता येणारी मुदत ठेव चालते. शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्रही चालतं. बँक नियमनाखालची, संगणकीकृत नोंदी ठेवणारी आणि पडताळणीला उत्तर देणारी असली पाहिजे. आपल्याकडे कितीतरी घरांची पुंजी पतसंस्थेत किंवा गावच्या छोट्या सहकारी बँकेत असते. माझा आग्रह आहे की ती रक्कम वेळेत एखाद्या मोठ्या बँकेत आणावी. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा.

सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या भारतीयांना क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्रही द्यावं लागतं. ही तपासणी फक्त ब्रिटिश गृहखात्याच्या यादीतल्या केंद्रातच करायची, घरच्या डॉक्टरांचं पत्र चालत नाही. छातीच्या एक्स-रेत शंका वाटली तर थुंकीची तपासणी होते आणि तिच्या निकालाला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. पदव्युत्तर विज्ञान-तंत्रज्ञानाच्या काही विषयांना ‘एटास’ नावाची वेगळी मंजुरी लागते. लागणार असेल तर विद्यापीठ सांगतं.

अर्ज ऑनलाइन. फी पाचशे पौंडांच्या वर आहे, त्याशिवाय विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार. मग व्हीएफएस केंद्रात (व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात) जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. मधे मुलाखतीचं बोलावणं येऊ शकतं: हाच अभ्यासक्रम का, हेच शहर का, परत येऊन काय करणार. पाठ केलेलं बोलू नका, तुमच्या विषयांची नावं आणि कारणं तुम्हाला माहीत असली की पुरे. आता पासपोर्टवर स्टिकरऐवजी ई-व्हिसा मिळतो. त्याच्या ऑनलाइन खात्याला पासपोर्ट जोडा आणि त्यावरच्या तारखा तपासा. सहा ते बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला शेवटी दोन महिने जादा मिळतात.

खर्चाच्या मदतीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदव्युत्तर आणि पीएचडी अभ्यासक्रमांसाठी आहे, एक्स्चेंजसाठी नाही. ब्रिटनची ट्युरिंग योजना तिथून बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण छोट्या शहरात कामं थोडी आणि मागणारे विद्यार्थी पुष्कळ. त्या कमाईवर बजेट बसवू नका.

जाण्याआधी गुणांच्या रूपांतराचा तक्ताही लेखी घ्या. ब्रिटनमध्ये ४० ला उत्तीर्ण आणि ७० च्या पुढे प्रथम श्रेणी असते. तिकडे ६५ मिळवणारी मुलगी वर्गात चांगल्या जागी असते, पण तेच ६५ इथल्या गुणपत्रिकेत जसेच्या तसे उतरवले तर तिचं सरासरी गुणांकन उगाच खाली येतं. आणि तिकडचं अधिकृत गुणपत्रक उन्हाळ्यात परीक्षा मंडळाच्या बैठकीनंतरच निघतं. तोवर इथलं पुढचं सत्र सुरू झालेलं असू शकतं, म्हणून तात्पुरत्या प्रवेशाची परवानगीही त्या तक्त्याबरोबरच लेखी मागून ठेवा.