अर्ध्या मिनिटाची बुडी

मोबाईलवर एक व्हिडिओ दर सहा महिन्यांनी नव्याने फिरत येतो. स्वच्छ निळं पाणी, खाली प्रवाळ, आणि डोळ्यांवर लाकडी चष्मा चढवलेला एक माणूस समुद्राच्या तळावरून चक्क चालत निघालाय. हातात भाला. खाली ओळ असते, ‘हे लोक १३ मिनिटं श्वास न घेता पाण्याखाली राहतात.’

माणूस खरा, चष्माही खरा. ते १३ मिनिटांचं मात्र फार मनावर घेऊ नका.

हे लोक म्हणजे सामा-बजाऊ. फिलिपीन्सच्या दक्षिणेची सुलू बेटं, मलेशियातल्या सबा राज्याचा किनारा आणि इंडोनेशियात सुलावेसीच्या आसपासची बेटं, एवढ्या पसाऱ्यात ते विखुरलेले आहेत. संख्या साधारण दहा लाख धरतात. एरिका शागताय या स्वीडनच्या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाल्याने मासे मारणाऱ्या बजाऊंच्या बुड्या घड्याळ लावून मोजल्या. एक बुडी सरासरी जेमतेम अर्ध्या मिनिटाची निघाली. निराशा झाली ना? पण पुढचा आकडा बघा. कामाच्या एकूण वेळापैकी सुमारे ६० टक्के वेळ हे लोक पाण्याखाली होते. म्हणजे अर्धा मिनिट खाली, वीसेक सेकंद वर, की पुन्हा खाली. तासाला सत्तरच्या आसपास बुड्या, आणि असं तासन्‌तास. एकदाच १३ मिनिटं दम कोंडण्यापेक्षा मला हे जास्त अचाट वाटतं. पहिली सर्कस झाली, दुसरी नोकरी. वजनं बांधून ७० मीटरपर्यंत उतरल्याच्या नोंदीही आहेत, पण रोजचं पोट भरतं ते उथळ पाण्यातल्या या अर्ध्या-अर्ध्या मिनिटांवरच.

आता हे शरीराला झेपतं कसं? गार पाण्यात तोंड बुडवून श्वास रोखला की कोणाच्याही शरीरात तीन गोष्टी घडतात. हृदयाचे ठोके मंदावतात. हातापायांकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे रक्त मेंदू-हृदयासाठी राखलं जातं. आणि तिसरी गोष्ट, प्लीहा आकुंचन पावते. प्लीहा म्हणजे आपल्याकडे जुनी माणसं जिला पाणथरी म्हणत, ती. डाव्या बरगड्यांखालचा हा अवयव हिवताप झाल्याशिवाय कोणाला आठवत नाही. तिच्यात तांबड्या पेशींनी भरलेलं दाट रक्त साठवलेलं असतं. ती पिळली गेली की तो साठा रक्तप्रवाहात येतो आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद थोडी वाढते. खोल बुड्या मारणाऱ्या सीलच्या प्लीहा मोठ्या असतात, ते याचसाठी.

मेलिसा इलार्डो या संशोधक विद्यार्थिनीने याच धाग्यावरून प्रश्न विचारला: सीलचं जे झालं, ते माणसाचं झालं असेल का? सुलावेसीतल्या जया बक्ती या बजाऊंच्या गावी ती सोनोग्राफीचं हातात मावणारं यंत्र घेऊन गेली. तुलनेसाठी २५ किलोमीटरवरचं कोयोअन गाव घेतलं. तिथे सलुआन लोक राहतात, शेती करणारे, समुद्राशी फारसा संबंध नसलेले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बजाऊंच्या प्लीहा सलुआनांपेक्षा सुमारे निम्म्याने मोठ्या होत्या. यातली खरी मेख पुढे आहे. जया बक्तीतले सगळेच काही बुड्या मारत नाहीत, पण न मारणाऱ्यांच्या प्लीहाही मोठ्याच भरल्या. म्हणजे ही काही तालमीतल्या दंडासारखी कमावलेली गोष्ट नव्हे. जन्मजात आहे.

जनुकं तपासली तेव्हा ‘पीडीई१०ए’ नावाच्या जनुकाचं एक रूप बजाऊंमध्ये जास्त सापडलं. या रूपाचा संबंध थायरॉईडच्या संप्रेरकाच्या वाढीव पातळीशी आहे, आणि हे संप्रेरक कमी पडलं की उंदरांच्या प्लीहा लहान राहतात हे आधीपासून ठाऊक होतं. दुवा जुळला. मोठी प्लीहा म्हणजे नक्की किती सेकंद जास्त, असा थेट गुणाकार करता येत नाही, तेवढं ध्यानात ठेवायचं. पण निसर्गाची निवड एका झटक्यातल्या विक्रमावर होत नसते. दिवसाच्या शेवटच्या बुडीलाही जो शुद्धीवर राहतो, त्याची पोरं वाढतात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं तर लोकसंख्येतली जनुकं हळूहळू सरकतात. त्यासाठी काळ मात्र लागतो.

किती काळ हे लोक समुद्रावर आहेत? मॅगेलन या दर्यावर्दीच्या सफरीवरच्या पिगाफेट्टा या वृत्तलेखकाने १५२१ साली याच टापूतून जाताना होड्यांतच घरं करणाऱ्या लोकांची नोंद केली आहे. त्याआधीचं लिहिलेलं फारसं हाताशी नाही. होडीत राहणारा माणूस मागे भिंती ठेवत नाही, शिलालेख ठेवत नाही. भाषा मात्र ठेवतो.

त्यांच्या भाषेचं नाव सिनामा. ‘सामा’ शब्दाच्या पोटात ‘इन’ घुसवला की ‘स-इन-आमा’, सिनामा. आपण शब्दाच्या पुढे उपसर्ग लावतो, मागे प्रत्यय लावतो, पण शब्द मधोमध फोडून आत काही बसवायची कल्पना आपल्याला जरा आगाऊपणाचीच वाटेल. त्या भागातल्या भाषांना ती रोजची आहे. ‘सामा’ हे त्यांनी स्वतःला दिलेलं नाव. ‘बजाऊ’ किंवा ‘बाजो’ म्हणतात ते बहुतेक बाहेरचे. सुलूच्या सुलतानशाहीत किनाऱ्यावरचे लोक होडीवाल्यांना आणखी एक नाव ठेवत, ‘लुवाअन’. अर्थ: थुंकून टाकलेले. गंमत म्हणजे त्याच सुलतानशाहीचा चीनशी चालणारा व्यापार मोती आणि वाळवलेली समुद्रकाकडी यांवर उभा होता, आणि ही दोन्ही तळातून वर आणायला हेच लोक लागत.

सिनामा ही एक भाषा नाही, भाषांचा झुबका आहे, आणि त्यातले सगळे बोलणारे दर्यावर्दीही नाहीत. बासिलान बेटावरचे याकान लोक शेती करतात, अप्रतिम कापड विणतात. सामार बेटाच्या उत्तरेला, सुलूपासून शेकडो किलोमीटर दूर, कापुल नावाच्या छोट्या बेटावर अबाकनोन ही या झुबक्यातली भाषा एकटीच टिकून आहे. आणि सबाच्या पश्चिम किनाऱ्यावर कोटा बेलुदचे बजाऊ तर घोडेस्वार म्हणून प्रसिद्ध! सणाला घोड्यांना झुली चढवून मिरवतात. ‘समुद्री भटके’ असा शिक्का एकदा मारला की हे सगळे त्याखाली दिसेनासे होतात.

केम्प पॅलेसन या भाषाशास्त्रज्ञाने शब्दांच्या तुलनेवरून १९८५ साली मांडलं, की या भाषांची फाटाफूट इ. स. ८०० च्या सुमारास बासिलान-झाम्बोआंगाच्या परिसरातून सुरू झाली असावी. झाम्बोआंगा हे नाव स्वतःच सिनामातलं आहे. मूळ ‘साम्बोआंगान’, होड्या खुंटाला बांधून ठेवायची जागा. पुढे स्पॅनिशांनी किल्ला बांधला, शहर वाढलं, नाव राहिलं.

त्याही मागे जायचं तर आकडे मोजायला बसावं. सिनामात तीन म्हणजे तेल्लू, सात म्हणजे पितू, आठ म्हणजे वालू. आता हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या दाराशी मादागास्करला या. तिथे तीन तेलू, सात फितू, आठ वालू. उलट्या दिशेने पॅसिफिकमधल्या हवाईला गेलात तर तीन कोलू, सात हिकू, आणि आठ पुन्हा वालू. ऑक्टोपसला सिनामात कुहिता, मलायात गुरिता, मादागास्करच्या मलागासीत हुरिता. या सगळ्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या भाषा. (सिनामातल्या दोनला ‘दुवा’ म्हणतात. संस्कृत ‘द्वि’शी नातं जोडायचा मोह होईल, पण तो निव्वळ योगायोग आहे. धर्माला म्हणतात ते ‘आगामा’ मात्र खरोखर आपल्या ‘आगम’वरून, संस्कृतातून गेलेलं.)

मलागासीची सख्खी बहीण बोर्निओच्या बारितो नदीकाठी सापडते, हे ऑटो डाल या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९५१ सालीच दाखवलं होतं. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांनी पुढे सामा-बजाऊ भाषांनाही त्याच बारितो घराण्यात बसवलं. ते मान्य केलं तर असं चित्र उभं राहतं: एका नदीकाठच्या लोकांपैकी काही मादागास्करला जाऊन भातशेती करू लागले, आणि त्यांचीच चुलत भावंडं ईशान्येला सुलूकडे वळून होडीतच राहिली.

या होडीला लेपा म्हणतात. बांधीव, टोकांना कोरीव नक्षी, मध्ये चटयांचं छप्पर. त्याखाली अख्खं कुटुंब, जाळी, भाले, पाण्याची भांडी आणि मातीची शेगडी. या शेगडीकडे जरा नीट बघण्यासारखं आहे. नाव लापोहान. सबातल्या सेम्पोर्ना या गावाजवळच्या सेलाकान बेटावर बायका ती हाताने घडवतात. आपल्या चुलीसारखेच तीन उंचवटे, पण पुढे ओट्यासारखा रुंद तळ काढलेला असतो, लाकडाचं टोक, निखारा, राख सगळं त्यावरच पडावं म्हणून. लाकडी घरात, तेही डुलणाऱ्या, विस्तव ठेवायचा तर एवढी काळजी हवीच.

शेगडीवर शिजतं काय? मासे तर आहेतच. शिवाय तेहे-तेहे. सी अर्चिन नावाचा काटेरी चेंडूसारखा प्राणी ओहोटीला उघड्या पडलेल्या प्रवाळावरून वेचायचा, काटे झाडायचे, वरून भोक पाडून आतलं नको ते काढायचं, तांदूळ भरायचा आणि नारळाच्या दुधात शिजवायचं. अंड्यासारखं कवच सोलून खायचं. आणि रोजचा भात म्हणाल तर बहुतेकदा भात नाहीच. कसावाचा कंद किसून, पिळून, वाफवून करतात तो पुतू. म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच. साबुदाण्यातला ‘साबू’ही मलाय ‘सागू’वरून आपल्याकडे आला, ही आणखी एक ओळख. एकादशीला आठवायला हरकत नाही.

कसावा, सरपण, गोडं पाणी हे सगळं जमिनीवरून येतं, तेव्हा ‘कधी पाय जमिनीला लागत नाहीत’ वगैरे खोटं. मासे देऊन कंद आणायचा हा व्यवहार कायमचा होता. फार दिवस पाण्यावर काढून किनाऱ्यावर आलं की गरगरतं असं मात्र ते सांगतात. इंडोनेशियात त्याला ‘माबुक दारात’ म्हणतात, जमीन लागणे. आपल्याला जशी बोट लागते तशी. आज बहुतेक सामा मुस्लिम आहेत, पण ओंबोह दिलाऊत, समुद्राचा आजोबा, यालाही मान द्यायचा राहत नाही. जन्मभर पाण्यावर राहिलेल्या माणसाला शेवटी मूठभर जमीन लागते. ठरावीक बेटांवर दफन होतं, आणि कबरीवर कोरीव लाकडी खूण उभी करतात.

आता लेपा फार उरल्या नाहीत. बहुतेक लोक उथळ पाण्यात खांबांवर उभारलेल्या घरांत राहतात. सेम्पोर्नात दर एप्रिलमध्ये सजवलेल्या लेपांचा उत्सव भरतो, पर्यटक येतात, फोटो निघतात. त्याच सेम्पोर्नातल्या बऱ्याच बजाऊंकडे कुठल्याच देशाचा कागद नाही. त्यांच्या समुद्रात तीन देशांच्या हद्दी नंतर आखल्या गेल्या आणि ज्याची नोंद कुठेच नाही त्याला शाळाही नाही, दवाखानाही नाही. जून २०२४ मध्ये सेम्पोर्नाच्या परिसरात खांबांवरची अशी कितीतरी घरं अधिकाऱ्यांनी पाडली. शेकडो लोक उघड्यावर आले.

मासेही कमी झाले. उथळ प्रवाळावर पूर्वीसारखं मिळत नाही, म्हणून खोल जावं लागतं, आणि खोल पाणी अर्ध्या मिनिटाच्या बुडीत बसत नाही. त्यावर निघालेला उपाय म्हणजे कॉम्प्रेसर. टायरवाल्याकडे असतो तसलाच. तो होडीत ठेवायचा, लांब प्लॅस्टिकची नळी दातांत धरायची आणि खाली उतरायचं. आता दम कोंडायची गरज नाही, हवं तेवढं थांबा.

गडबड इथेच होते. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका) वाढतो, म्हणजे २० मीटरवर माणूस तिप्पट दाबाची हवा ओढत असतो. तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळत राहतो, जितका वेळ खाली तितका जास्त. मग जाळं भरतं, माणूस झपकन वर येतो. गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर बाटलीत जे होतं, तेच त्याच्या रक्तात होतं. बुडबुडे सांध्यांत अडकले तर कळा, मज्जारज्जूत अडकले तर पाय कायमचे जातात. छातीत एकदाच भरून नेलेल्या हवेवर अर्धा मिनिट खाली राहणाऱ्याला हा धोका जवळजवळ नसतो, कारण विरघळायला तेवढा वायूही नसतो आणि वेळही नसतो.

मोठी प्लीहा प्राणवायू पुरवते. नायट्रोजनशी तिचा काही संबंध नाही.