थडगी चितारण्याची जुनी खोड

जुन्या दफनभूमीत वही उघडून बसलेला माणूस दिसला की हा कुणी हौशी चित्रकार असणार, असं आपण धरून चालतो. या कामाची सुरुवात मात्र हौसेतून झालेली नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रोजे द गेन्येर या फ्रेंच संग्राहकाने पदरी चित्रकार ठेवून चर्चमधली थडगी रेखाटून घेतली. त्याला रस होता तो वंशावळींत, कुलचिन्हांत आणि पोशाखांत. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली, पॅरिसजवळच्या सें-दनी चर्चमधल्या राजांच्या कबरी उकरल्या गेल्या, इतरत्रही कित्येक थडगी फुटली. त्यातली अनेक आज फक्त गेन्येरच्या कागदांवर शिल्लक आहेत.

इंग्लंडात हे काम शिकाऊ पोरांच्याही गळ्यात पडे. कवी-चित्रकार विल्यम ब्लेक खोदकाम शिकत होता तेव्हा उस्तादाने त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतली थडगी उतरवून घ्यायला धाडलं. आडवी मूर्ती वरून नीट दिसावी म्हणून पठ्ठ्या थेट थडग्यावर चढायचा! चार्ल्स स्टोथर्ड या चित्रकाराने तर थडग्यांवरच्या पुतळ्यांची अचूक चित्रं काढण्यातच उमेदीची वर्षं घालवली. १८२१ मध्ये डेव्हनमधल्या एका चर्चच्या रंगीत काचेची नक्कल करताना तो शिडीवरून पडून मेला.

तोवर थडगी छपराखालून उघड्यावर येऊ लागली होती. पॅरिसमधली इनोसां दफनभूमी इतकी तुंबली, की १७८० मध्ये ती बंदच करावी लागली. १८०४ मध्ये शहराच्या वेशीबाहेर पेर लाशेझ ही नवी दफनभूमी सुरू झाली. सुरुवातीला तिकडे कुणी फिरकेना. १८१७ मध्ये आबेलार आणि एलोईझ या मध्ययुगातल्या प्रसिद्ध प्रेमी जोडीचे अवशेष तिथे हलवले, आणि मग लोकांचा ओढा वाढला. अमेरिकेत बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न दफनभूमी १८३१ ची. सार्वजनिक बागा फारशा नव्हत्या, त्यामुळे लोक अशा ठिकाणी चक्क फिरायला जात.

उलटी मशाल, वस्त्र पांघरलेला कलश, मध्येच तुटलेला खांब ही चिन्हं याच काळात दगडादगडावर दिसू लागली. तुटका खांब म्हणजे बहुधा अकाली गेलेलं माणूस.

संगमरवर आम्लयुक्त पावसाने झिजतो, अक्षरं बोथट होतात. भर दुपारी कोरा वाटणारा दगड सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र वाचता येतो. रेखाटणारे म्हणूनच लवकर येतात. फोटो चटकन निघतो खरा, पण एकेक अक्षर हाताने उतरवताना कळतं, की ओळीच्या शेवटी जागा संपत आली म्हणून पाथरवटाने शेवटची दोन अक्षरं दाटीवाटीने बसवली आहेत.