ग्रेसी, रॉयस

ग्रेसी, रॉयस : (१२ डिसेंबर १९६६ – ). मिश्र युद्धकला (एमएमए; ठोसे, लाथा व पकडी या सर्वांची मुभा असलेली लढत) या क्रीडाप्रकारातील आद्य लढवय्यांपैकी एक. जन्म ब्राझीलमधील रीओ दे जानेरो येथे. पोर्तुगीज उच्चार ‘होइस’. तथापि अमेरिकेत रूढ झालेला ‘रॉयस’ हाच उच्चार मराठीतही प्रचलित आहे. अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप (यूएफसी) या स्पर्धेच्या पहिल्या चार आवृत्त्यांपैकी तीन त्याने जिंकल्या आणि आपल्याहून कितीतरी वजनदार प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवरच्या डावपेचांनी हार मानायला लावली. ब्राझिलियन जुजुत्सूचा (जमिनीवर पकडीत घेऊन सांधे मुरगळण्याची वा गळा आवळण्याची युद्धकला) ब्राझीलबाहेर जो प्रसार झाला, त्याचे श्रेय मुख्यतः या लढतींना दिले जाते.

पद्धतीचा उगम : रॉयसची कारकीर्द त्याच्या घराण्याच्या जुजुत्सू पद्धतीपासून वेगळी काढता येत नाही, आणि त्या पद्धतीचा उगम हा या विषयातला सर्वाधिक वादाचा भाग आहे. मूळ पुरुष म्हणून मित्सुयो माएदा (१८७८–१९४१) याचे नाव घेतले जाते. जूदोचा प्रवर्तक जिगोरो कानो याने १८८२ मध्ये टोकियोत स्थापन केलेल्या कोदोकान या संस्थेत तो तयार झाला. १९०४ मध्ये तो अमेरिकेला गेला. पुढे सुमारे दहा वर्षे अमेरिका, यूरोप, क्यूबा, मेक्सिको असा फिरत तो बक्षिसाच्या लढती लढला. १९१४ च्या अखेरीस तो ब्राझीलला पोचला व कालांतराने उत्तरेकडील बेलें शहरात स्थायिक झाला. त्याने शिकविले ते वस्तुतः जूदोच. पण त्या काळात ‘जूदो’ आणि ‘जुजुत्सू’ ही नावे जपानबाहेर सरमिसळ वापरली जात.

बेलेंमधील गास्ताओ ग्रेसी याच्याशी माएदाचा परिचय झाला आणि त्याचा थोरला मुलगा कार्लोस (१९०२–९४) हा माएदाकडे शिकू लागला, असे घराण्याची परंपरा सांगते. शिक्षणाचा आरंभ बहुधा १९१७ च्या सुमारास धरला जातो. या कथनातील अडचण कालगणनेची आहे. माएदा त्या वर्षांत वारंवार दौऱ्यावर असे, आणि ग्रेसी कुटुंबाने १९२०–२२ च्या आसपास बेलें सोडून रीओ गाठले. त्यामुळे कार्लोसला माएदाचा सलग सहवास किती लाभला, याविषयी शंका घेतली जाते. माएदाचा शिष्य जासिंतो फेरो याच्याकडेच त्याचे बरेचसे शिक्षण झाले, असेही काही संशोधक मानतात. माएदाकडील शिक्षण पूर्णपणे नाकारण्यासारखा पुरावा नाही. मात्र ते तुटक झाले असावे आणि रोजचा सराव शिष्यांच्या हाताखाली झाला असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. कार्लोसने रीओत शाळा काढल्याचे वर्षही असेच वादग्रस्त आहे. परंपरेनुसार ते १९२५. तत्कालीन वृत्तपत्रांचा आधार घेणारे अभ्यासक ते १९३० च्या सुमारास ओढतात.

कार्लोसचा धाकटा भाऊ एलियो (१९१३–२००९) हा रॉयसचा पिता. एलियो लहानपणी अशक्त होता, त्याला व्यायामाची मनाई होती, भावाची शिकवणी नुसती पाहून तो शिकला आणि ताकदीऐवजी तरफेच्या तत्त्वावर त्याने सर्व डाव नव्याने बांधले, अशी कथा घराण्यात सांगितली जाते. तथापि १९३० च्या दशकात तो जाहीर लढती लढत होता, हे लक्षात घेता अशक्तपणाचा भाग जपूनच स्वीकारावा लागतो. त्याच्या नावावर सांगितले जाणारे पुष्कळसे डाव कोदोकानच्या जमिनीवरील तंत्रात आधीपासून होते. एलियोचे कर्तृत्व नव्या डावांच्या शोधात नसून निवडीत आहे. पाठीवर पडलेल्या स्थितीत पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती घालून त्याला अडकवायचे, श्वास राखायचा, घाई करायची नाही आणि त्याच्या चुकीची वाट पाहायची, हा बचाव त्याने इतका घोटून घेतला की तोच चढाईचा पाया ठरला. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी माराकाना स्टेडियममध्ये जपानी जूदोपटू मासाहिको किमुरा याने त्याचा हात मुरगळून त्याला हरविले. तो डाव आज ब्राझिलियन जुजुत्सूत ‘किमुरा’ याच नावाने शिकविला जातो.

माएदाची परंपरा ग्रेसींखेरीज लुईस फ्रांसा व त्याचा शिष्य ओस्वाल्दो फादा यांच्याद्वारेही चालत आली. फादाने रीओच्या उपनगरांतील गरीब मुलांना शिकविले आणि १९५० च्या दशकात त्याच्या शिष्यांनी ग्रेसींच्या शाळेला आव्हान देऊन हरविल्याचे सांगितले जाते. लोकप्रिय लेखनात या शाखेचा उल्लेख अभावानेच येतो. ब्राझिलियन जुजुत्सूला सरसकट ‘ग्रेसी जुजुत्सू’ म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते.

यूएफसीचा आरंभ : रॉयसचा थोरला भाऊ रोरियन १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात आला. घराच्या गॅरेजमध्ये चटया अंथरून तो शिकवीत असे. पुढे टॉरन्स येथे त्याने शाळा काढली. मदतीसाठी त्याने रॉयसला किशोरवयातच बोलावून घेतले. अन्य पद्धतींच्या लढवय्यांना खुले आव्हान देण्याची घराण्याची जुनी रीत रोरियनने अमेरिकेतही चालू ठेवली. तीतूनच जाहिरात व्यावसायिक आर्ट डेव्ही आणि सेमाफोर एंटरटेनमेंट ग्रुप ही दूरचित्रवाणी कंपनी यांच्या साहाय्याने यूएफसी ही स्पर्धा उभी राहिली.

या स्पर्धेला मिश्र युद्धकलेचा प्रारंभ मानावे काय, याविषयी एकमत नाही. ब्राझीलमध्ये ‘व्हाले तुदो’ या नावाच्या मुक्त लढती कित्येक दशके होत होत्या. जपानमध्ये सातोरु सायामाने १९८० च्या दशकात ‘शूटो’ हा प्रकार घडविला होता आणि ‘पँक्रेस’ ही संस्था यूएफसीच्या काही आठवडे आधी, सप्टेंबर १९९३ मध्ये, सुरू झाली होती. तेव्हा रॉयसला ‘पहिला’ म्हणण्यापेक्षा ‘आद्य लढवय्यांपैकी एक’ म्हणणे योग्य.

घराण्यातील सर्वांत बलवान मानला जाणारा रिक्सन हा भाऊ असताना रॉयसलाच का उतरविले, याची दोन कारणे दिली जातात. रॉयस शरीराने सडपातळ (वजन सुमारे ८० किग्रॅ.) असल्याने त्याच्या विजयातून पद्धतीचे महत्त्व अधिक ठसेल, हे एक; रोरियन व रिक्सन यांच्यातील व्यावसायिक दुरावा, हे दुसरे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

आरंभीच्या लढती : पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झाली. आठ स्पर्धक, एकाच रात्रीत तीन फेऱ्या, वजनगट नाहीत, गुण देणारे पंच नाहीत; चावणे, डोळ्यांत बोटे घालणे असे मोजकेच प्रकार निषिद्ध. पहिल्या लढतीत मुष्टियोद्धा आर्ट जिमर्सन एकाच हातात मोजा घालून उतरला. रॉयसने त्याचे दोन्ही पट काढून (पाय धरून) त्याला खाली घेतले व छातीवर बसून दाबून धरले. कोणताही निर्णायक डाव लागण्याआधीच, २ मिनिटे १८ सेकंदांत, जिमर्सनने जमिनीवर थाप मारून हार कबूल केली.

उपांत्य लढत केन शॅमरॉकशी झाली व ती केवळ ५७ सेकंद चालली. परंतु तंत्राच्या दृष्टीने तीच सर्वांत अभ्यसनीय आहे. शॅमरॉक पँक्रेसमध्ये लढणारा, म्हणजे जमिनीवरच्या लढतीची जाण असलेला त्या रात्रीचा बहुधा एकमेव प्रतिस्पर्धी. त्याने रॉयसचा पाय धरून तो मुरगळण्यासाठी अंग मागे टाकले. रॉयस मात्र त्याच्याबरोबरच पुढे आला, वर राहिला आणि मागून गळ्याशी पोचला. या पकडीत रॉयसच्या जुजुत्सू अंगरख्याच्या बाहीचा उपयोग झाला. ज्याला अंगरख्याविरुद्ध लढण्याची सवय नाही, त्याच्या दृष्टीने ही बाही म्हणजे गळ्याभोवतीचा दोरच ठरते. शॅमरॉकने थाप मारली, ती पंचाच्या तत्काळ ध्यानात आली नाही. पण शॅमरॉकने स्वतः हार मान्य केली. अंतिम लढतीत रॉयसने डच लढवय्या जेरार्ड गोर्दो याला गळा आवळून हरविले. गोर्दोने त्याचा कान चावला होता. थाप पडल्यावरही रॉयसने पकड क्षणभर सोडली नाही, ती त्यामुळेच. बक्षीस ५०,००० डॉलर होते.

मार्च १९९४ च्या दुसऱ्या स्पर्धेत सोळा स्पर्धक होते. रॉयसने एका रात्रीत चार लढती जिंकल्या. सप्टेंबरमधील तिसऱ्या स्पर्धेत किमो लिओपोल्डो या धिप्पाड प्रतिस्पर्ध्याने त्याला प्रथमच जेरीस आणले. रॉयसने त्याचे केस ओढले (हे तेव्हा नियमांत बसत होते) आणि ४ मिनिटे ४० सेकंदांनी हात मुरगळून विजय मिळविला. पण तो इतका थकला की पुढील लढतीसाठी जाळीच्या पिंजऱ्यासारख्या आखाड्यात येऊनही त्याच्या बाजूने टॉवेल टाकून हार मान्य करण्यात आली.

१६ डिसेंबर १९९४ रोजी टल्सा येथे चौथ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याची गाठ डॅन सेव्हर्न या नामवंत कुस्तीगिराशी पडली. सेव्हर्न त्याच्याहून सुमारे ३५ किग्रॅ.ने भारी. पंधरा मिनिटे तो रॉयसला जाळीशी रेटून वरून दाबत होता आणि पाहणाऱ्यांना रॉयस हरत असल्याचे वाटत होते. प्रत्यक्षात रॉयस पायांची जागा शोधीत होता. त्याने सेव्हर्नची मान व एक हात आपल्या मांड्यांत घेतला आणि पायांची त्रिकोणी कैची आवळली. या डावात एका बाजूने मांडी व दुसऱ्या बाजूने अडकलेल्याचा स्वतःचाच खांदा मानेतील रक्तवाहिन्या दाबतो. मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ताकद कितीही असली तरी काही सेकंदांत शुद्ध हरपू लागते. १५ मिनिटे ४९ सेकंदांनी सेव्हर्नने हार मानली. प्रक्षेपणाची ठरलेली वेळ संपल्याने अनेक प्रेक्षकांना हा शेवट दिसलाच नाही. वेळमर्यादेचा नियम पुढील स्पर्धेपासून आला, तो यामुळे. ७ एप्रिल १९९५ रोजी शॅमरॉकबरोबरची दुसरी लढत सुमारे ३६ मिनिटांनंतर बरोबरीत सुटली. त्यानंतर ग्रेसी यूएफसीतून बाहेर पडले.

जपानमधील कारकीर्द : मधल्या काळात रॉयस फारसा लढला नाही. १९९८ मध्ये रीओत वालिद इस्माइलने त्याला निव्वळ जुजुत्सूच्या लढतीत हरविले. २००० मध्ये तो जपानच्या ‘प्राइड’ स्पर्धेत उतरला. १ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये जपानी लढवय्या काझुशी साकुराबाशी झालेली लढत त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची मानावी लागते. वेळमर्यादा नसावी आणि पंचाने लढत थांबवू नये, हा आग्रह ग्रेसींचाच होता. १५ मिनिटांच्या सहा फेऱ्या, म्हणजे तब्बल ९० मिनिटे, लढत चालली. साकुराबाने जमिनीवर जाण्याची भीती बाळगली नाही, उलट रॉयसचा अंगरखाच पकडून त्याला खेचले आणि पायांवर सतत लाथा मारल्या. सहाव्या फेरीनंतर रॉयसच्या बाजूने टॉवेल पडला. पहिल्या स्पर्धेत जे ज्ञान एकट्या रॉयसकडे होते, ते आता प्रतिस्पर्ध्यांनी आत्मसात केले होते. त्याच्या पराभवातूनच त्याच्या प्रभावाची व्याप्ती दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२००२ मध्ये ऑलिंपिक जूदो सुवर्णपदक विजेता हिदेहिको योशिदा याच्याविरुद्धची लढत पंचाने थांबवून योशिदाला विजयी ठरविले. रॉयस शुद्धीवर असल्याचा आक्षेप ग्रेसींनी घेतला व निकाल पुढे रद्द झाला. ३१ डिसेंबर २००३ ची फेरलढत रॉयस अंगरखा उतरवून लढला. ती बरोबरीत गेली. वर्षभराने त्याने माजी सुमो योकोझुना (सुमोतील सर्वोच्च श्रेणीचा मल्ल) आकेबोनो याला सुमारे सव्वादोन मिनिटांत खांद्याच्या पकडीने हरविले.

उत्तरकाल : मे २००६ मध्ये लॉस अँजेल्स येथे यूएफसी विजेता मॅट ह्यूजने त्याला पहिल्याच फेरीत हरविले. हात पूर्ण ताणला गेला असतानाही रॉयसने थाप मारली नाही. शेवटी ठोशांच्या माऱ्यामुळे पंचाने लढत थांबविली. जून २००७ मध्ये त्याने साकुराबावर गुणांनी विजय मिळविला. मात्र नंतरच्या चाचणीत नँड्रोलोन हे निषिद्ध द्रव्य आढळल्याने कॅलिफोर्नियाच्या क्रीडा आयोगाने त्याला २,५०० डॉलर दंड व बंदी अशी शिक्षा केली. रॉयसने आरोप नाकारला. लढतीचा निकाल बदलला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ह्यूस्टन येथे शॅमरॉकशी तिसरी लढत झाली. रॉयस गुडघ्याच्या प्रहाराने जिंकला. त्याआधी जांघेत आघात झाल्याची शॅमरॉकची तक्रार होती.

नोव्हेंबर २००३ मध्ये यूएफसीच्या सन्मान दालनात रॉयस व शॅमरॉक यांचा प्रथम समावेश करण्यात आला. वडिलांच्या स्मरणार्थ रॉयस काळ्याऐवजी गडद निळा पट्टा बांधतो आणि निरनिराळ्या देशांत प्रशिक्षणवर्ग घेतो.

त्याच्या लढतींची एकूण संख्या सामान्यतः १५ विजय, २ पराभव व ३ बरोबरी अशी दिली जाते. तीत इस्माइलविरुद्धची लढत धरलेली नाही, कारण ती मिश्र युद्धकलेची नव्हती. योशिदाविरुद्धची पहिली लढत, तसेच १९९४ मध्ये टॉवेल टाकून सोडलेली लढत यांची गणना मात्र सर्व सूचींत सारखी नाही.