रोजगार हमीचा लाभ मोजायचा कसा?

महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकात व्यवसाय कराच्या नावाने दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. १९७५ साली हा कर लावण्यात आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. खेड्यात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढ माणसाला काम पुरवण्याची जबाबदारी सरकारने घ्यायची आणि त्याचा खर्च मुख्यतः शहरी उत्पन्नातून भागवायचा, अशी ही रचना होती. त्यामुळे मुंबई-पुण्याकडचा पैसा सोलापूर, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत मजुरीच्या रूपाने जाऊ लागला. प्रादेशिक असमतोलावर समित्या पुष्कळ बसल्या, पण इतका थेट उपाय राज्यात क्वचितच झाला असेल. त्यातून साधले काय, हे ठरवणे मात्र दिसते तितके सोपे नाही.

योजनेची कल्पना विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांची. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि लहानसा प्रयोग राज्यभराची गरज बनला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर रोज सुमारे ५० लाख माणसे होती. सुकडी हा दुष्काळात वाटलेला कोरडा आहार आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन खडी फोडलेल्या त्या पिढीच्या आठवणी अजून घराघरांत निघतात. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मिळणे हा हक्क ठरल्यामुळे संशोधकांनाही एक दुर्मीळ संधी मिळाली, कारण कोणाला काम द्यायचे हे निदान कागदावर तरी अधिकारी ठरवत नव्हता, मागणारा ठरवत होता.

दिलेली मजुरी म्हणजेच लाभ, असे धरून चालले की हिशेब सोपा होतो आणि चुकतोही. रोजगार हमी योजनेच्या, म्हणजे रोहयोच्या, कामावर गेलेला माणूस त्या दिवशी दुसरे काहीतरी सोडून आलेला असतो. कुणाच्या शेतातली खुरपणी असेल, स्वतःच्या रानातले काम असेल, शेळ्या राखणे असेल किंवा नुसते पारावर बसणे असेल. सोडलेल्या कामाचे उत्पन्न मजुरीतून वजा केल्यावर उरतो तो निव्वळ लाभ. तो काढायचा तर हे काम मिळाले नसते तर त्या माणसाने काय केले असते, हे शोधावे लागते, आणि ते कुठल्याही हजेरीपटावर लिहिलेले नसते.

या प्रश्नाचे उत्तर ज्या सामग्रीतून मिळाले, ती गोळा करण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिने १९७५ पासून काही गावांचा सलग अभ्यास सुरू केला. त्यांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कंझरा ही गावे होती. प्रत्येक गावात भूमिहीन, लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची मिळून ४० कुटुंबे निवडली गेली. संस्थेचा अन्वेषक गावातच मुक्कामाला असे आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन कोणी किती दिवस कोणते काम केले, किती दिवस काम शोधूनही मिळाले नाही, याची नोंद करी. वर्षातून एकदा येऊन ‘गेल्या वर्षी किती मिळवले?’ असे विचारणाऱ्या पाहणीतून असा तपशील हाती लागणे शक्यच नव्हते.

गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन या अर्थशास्त्रज्ञांनी याच नोंदींवरून वेळेचा हिशेब मांडला. मजुरांनी गमावलेले उत्पन्न मिळालेल्या मजुरीच्या साधारण एक चतुर्थांश निघाले. म्हणजे शंभरातले सुमारे ७५ रुपये खरोखरच पदरात पडत होते, कारण या कामाने मुख्यतः बेकारीचे दिवस भरून काढले होते. दुसऱ्या एका अभ्यासात या दोन गावांतल्या भूमिहीनांच्या उत्पन्नाची तुलना तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, ही योजना नसलेल्या गावाशी केली गेली. शिरापूर आणि कंझऱ्यातील उत्पन्नाचे चढउतार जवळपास निम्मे होते. हातावर पोट असणाऱ्याला सरासरी उत्पन्नापेक्षा या स्थैर्याचे मोल अधिक असते, कारण एका वाईट वर्षात विकलेली शेळी किंवा काढलेले सावकारी कर्ज पुढची कित्येक वर्षे भोवते.

मग १९८८ साली मजुरीचे दर जवळपास दुप्पट झाले. दर वाढल्यावर काम मागणाऱ्यांची गर्दी वाढायला हवी होती, पण प्रत्यक्षात मनुष्यदिवसांची संख्या घटली. रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधरी यांनी ही आकडेवारी तपासली तेव्हा निष्कर्ष निघाला की मागणी कमी झाली नव्हती, पुरवठा आखडला होता. कायदा जागेवर होता आणि नकार कोणी लेखी देत नव्हते. नवी कामे सुरू करण्यात दिरंगाई केली की हमी आपोआप पातळ होते. कोणत्याही हक्काधारित योजनेबाबत हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे असे मला वाटते, आणि सर्वांत कमी चर्चा त्याचीच होते.

संसदेने २००५ मध्ये देशपातळीवर असाच कायदा केला, तेव्हा अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्हे, नंतर आणखी १३० आणि २००८ मध्ये उरलेले. हा क्रम प्रशासनाच्या सोयीचा होता, पण त्यामुळे संशोधकांना योजना आलेले आणि न आलेले जिल्हे शेजारी ठेवून पाहता आले. क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप यांना आढळले की पहिल्या टप्प्यांतील जिल्ह्यांत कोरड्या हंगामातील खासगी मजुरीचे दर जवळपास ५ टक्क्यांनी वाढले. लाभ केवळ रोहयोवर गेलेल्यांना झाला नाही, न गेलेल्यांनाही झाला. अर्थात मजूर लावून शेती करणाऱ्यांना तो खर्च सोसावा लागला, आणि ‘रोहयोमुळे माणसे मिळत नाहीत’ या गावोगावच्या तक्रारीमागे एवढे तथ्य जरूर आहे.

आतापर्यंतचा हिशेब मजुरीचा झाला. दुसरा हिशेब मातीचा आणि पाण्याचा आहे, आणि तो खूप कच्चा आहे. मातीकामावर मजुरी खोदलेल्या घनमीटरवर ठरते. टोळीने खड्डा खोदताना मध्ये मातीचा एक खुंट मुद्दाम तसाच ठेवायचा, म्हणजे मोजणीला आलेल्या अभियंत्याला मूळ जमिनीची पातळी कळते. माती आहे की मुरूम की कातळ, त्यानुसार दर बदलतो, आणि माती किती लांब वाहिली व किती उंच चढवली याचा वेगळा दर मिळतो. किती खोदले याची नोंद इतकी काटेकोर ठेवणाऱ्या व्यवस्थेत, त्या खोदण्याने किती पाणी मुरले याचा रकानाच नव्हता.

कामे कागदावरच राहतात, हा आक्षेप मात्र तपासला गेला आहे. सुधा नारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० जिल्ह्यांतील १०० गावांत ४,१०० हून अधिक कामे पाहिली. त्यांपैकी ८७ टक्के कामे जागेवर होती आणि उपयोगात होती, आणि ४,८०० हून अधिक लाभधारकांपैकी ९० टक्के लोकांनी ती फार किंवा काही प्रमाणात उपयोगी असल्याचे सांगितले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीने सरसकट टीकेतली हवा काढली. तरी उपयोगी वाटणे आणि भूजल वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पाणी अडवून जमिनीत मुरवण्यासाठी बांधलेल्या पाझर तलावाचेच पाहा. दख्खनच्या बेसाल्ट या काळ्या कातळात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि कातळाच्या भेगांत. ही साठवण वाळूच्या थरासारखी मोकळी नसते, त्यामुळे तलावाचा लाभ मुख्यतः खालच्या बाजूच्या काही विहिरींना मिळतो. दरवर्षीचा गाळ तळाशी बसून झिरपण्याच्या वाटा बुजवत जातो. नव्या कामाला निधी मिळतो, जुन्यातला गाळ काढायला मिळेलच असे नाही. शिवाय विहीर असते जमीनवाल्याची, आणि तलाव खोदणारा बहुधा भूमिहीन किंवा अल्पभूधारक असतो. १९९० च्या दशकारंभी रोहयोतून फळबाग लागवड सुरू झाली. कोकणात आंबा-काजू मोठ्या प्रमाणावर लागला, पण टिकाऊ मालमत्ता तिथेही जमीन असणाऱ्याचीच झाली.

खोदणारा एक आणि लाभ दुसऱ्याला, ही फट १९७२ च्या दुष्काळातच विलासराव साळुंखे यांनी हेरली होती. पुण्याच्या या उद्योजक अभियंत्याने पुरंदर तालुक्यातील नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता माणशी दिले जाई. दर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा आणि उसाला मनाई असे नियम होते. अहमदनगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनेही १९८९ नंतर रोहयोच्या निधीतून डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीत जाणारे चर, खोदले, पण सोबत सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली.

या दोन गावांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढताना शास्त्रीय अडचण येते. टप्प्याटप्प्याने आलेल्या जिल्ह्यांसारखी ही गावे बाहेरून कोणी निवडली नव्हती. ती आपल्या एकीमुळे पुढे आली, म्हणून पाणी टिकले ते चरांमुळे, नियमांमुळे की मुळात असलेल्या एकीमुळे, हे वेगळे काढता येत नाही. त्यासाठी लागणारी सामग्री बरीचशी उपलब्ध आहे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि रोहयोच्या कामांची ठिकाणे काही वर्षांपासून उपग्रह नकाशावर नोंदली जात आहेत. पाऊस आणि पीकपद्धतीचा फरक लक्षात घेऊन या दोन नोंदवह्या गावनिहाय एकत्र मांडल्या, तर खोदलेल्या घनमीटरसमोर मुरलेल्या पाण्याचा आकडा लिहिता येईल.